ठिगळ

मसाक्याच्या लाल रस्त्यापासून आत,
कॉफीच्या ओळींमध्ये, ताताची एकोणतीस झाडं.
मुतुबा.
लावायचा कसा, तर मनगटाएवढी फांदी तोडायची,
चीक थांबेपर्यंत सावलीत आडवी ठेवायची
आणि जमिनीत ठोकायची, कुंपणाचा खुंट ठोकावा तशी.
"खुंटच असतो तो," ताता म्हणायचा,
"फक्त त्याला ते कबूल नसतं."

त्याच्या सावलीत कॉफी करपत नाही.
पानं शेळ्यांना.
काटेन्डेने बांध सरकवला, तेव्हा पंचांनी
दोघांनाही गप्प केलं आणि झाडाला विचारलं.
पण ही सगळी वरकड.
मुतुबा असतो सालीसाठी.

पाऊस पडून गेलेल्या आठवड्यात, उजाडायच्या आत.
आधी वरची खरबरीत कात खरवडून टाकायची.
वर एक वळं, खाली एक वळं, मधे उभी रेघ.
मग पाचर, केळीच्या सोपटाची.
लोखंड तिथे न्यायचं नाही.
साल सुटते
ओल्या पायातून मोजा ओढावा तशा आवाजाने,
आणि झाड उभं राहतं, पांढुरकं, उघडं.
मी तिकडे बघायची नाही.

माझं काम त्यानंतरचं.
केळीची पानं खालून वर गुंडाळत जायची,
सुतळी घट्ट नाही, सैलही नाही,
बाळंतिणीचं पोट बांधतात तशी.
काही दिवसांनी पानाखाली बोट घालून बघायचं:
नवी कातडी, हिरवट, दमट.
वर्षभराने ते पुन्हा द्यायला तयार.

छपराखाली तीन मोगऱ्या.
रुंद खाचांची, मधली, बारीक.
सकाळी हातभर असलेली साल
संध्याकाळी अंथरुणाएवढी,
उन्हात वाळली की विटेच्या रंगाची.
ह्यात लेकरू गुंडाळतात, ह्यात माणूस पुरतात.

मी आठ-नऊ वर्षांची असताना
मोगरी रात्रीही थांबत नव्हती.
आजाराचं नाव कुणी घ्यायचं नाही.
लोक नुसतं दोरीवर माप घेऊन यायचे.
आखूड दोऱ्याही असायच्या.
ताता स्वतःसाठी एक कापड बाजूला ठेवायचा
आणि कुणीतरी दारात उभं राहायचं.

पुढे कंपालाहून एक बाई आली,
दिव्यांच्या टोप्या करायच्या म्हणून.
"भोकं नकोत."
ताताने अठरा निवडून दिली, घरावर पत्रे आले.
एकोणिसावं त्याने दाखवलंच नाही.

झाड लहान असताना खालचे फुटवे
अंगठ्याने खुडायचे असतात.
नाहीतर फांदी धरते, फांदीची गाठ होते,
आणि गाठीच्या जागी कापडाला भोक.
शेळ्यांच्या वाड्यामागचं झाड माझ्याकडे होतं.
एक पावसाळा मी विसरले.
ताता ओरडला नाही.
फांदीला हात लावून म्हणाला,
"आता हे कापड मला कुठेही ओळखू येईल."
ठिगळ मीच लावलं, अकराव्या वर्षी,
ताडाच्या धाग्याने. टाके वाकडे.

तो गेला फेब्रुवारीत.
कोरड्या दिवसांत साल सुटत नाही, मागायचीही नसते.
आईने पेटी उघडली.
किसितू म्हणाला, हे फाटकं आहे, बाजारातून चांगलं आणतो.
आईने उत्तर दिलं नाही.
कापड उलगडलं, थोडं वर सरकवलं,
ठिगळ छातीवर येईल इतकं.

पावसाला सुरुवात होऊन आज अकरावा दिवस.
बायका साल काढत नाहीत, असं किसितू म्हणतो.
म्हणतो, आणि कंदील धरून उभा राहतो.
वाड्यामागच्या शेळ्या जाग्या झाल्यात.
मी वरचं वळं कापलंय, खालचं कापलंय,
पाचर आत सरकतेय.
गाठीपाशी ती अडते.
तिथे हळू.